तिसरं आडनाव: ऑन्टॅरिओतल्या एका नोकरीशोधाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका शनिवारी ती माझ्यासमोर येऊन बसली, तेव्हा तिच्या हातात भरलेला अर्ज होता. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात प्रौढ माणसाला कायद्यानं नाव बदलायचं असेल तर जो करावा लागतो, तो. जुनं नाव लिहून झालं होतं, नवंही. १३७ डॉलर फी भरायची तयारी होती. सही तेवढी राहिली होती. नवं आडनाव इंग्रजी होतं, पाच अक्षरांचं, नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलेलं.

"ताई, हे रेझ्युमेवर कसं दिसेल तेवढं बघून सांगा," ती म्हणाली.

मी टोरोंटोलगतच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात नव्यानं आलेल्या लोकांना रेझ्युमे आणि अर्ज लिहायला मदत करते. हौशीचं काम आहे, पगार नाही. नाव आखूड करून आलेले पुष्कळ पाहिलेत, पण आडनाव कायद्यानं पुसायला निघालेली ही पहिलीच. पुढचं सगळं तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आडनावाबद्दलच हे प्रकरण आहे आणि आडनावच सांगता येत नाही, ही अडचण आहे खरी. एवढं सांगते: सासरचं आडनाव 'क्ष'नं सुरू होतं. म्हणजे रोमन लिपीत के, एस, एच अशी तीन व्यंजनं सुरुवातीलाच एकापाठोपाठ, आणि एकूण लांबी अशी की इथल्या बऱ्याच ऑनलाइन फॉर्मांच्या छापील प्रतीत शेवटची दोन अक्षरं कापली जातात. माहेरचं आडनाव त्याच्या अगदी उलट. दोन अक्षरी, रोमनमध्ये चार, आणि वाचणाऱ्याला ते कुठल्या देशाचं आहे हे चटकन कळत नाही.

ती कोण, कुठून आली

एम.कॉम., पुणे विद्यापीठ. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत नऊ वर्षं हिशेब विभागात, त्यातली शेवटची पाच पगारपत्रकं सांभाळण्यात गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये नवरा आणि सात वर्षांच्या मुलीबरोबर कायम रहिवासी म्हणून ब्रॅम्प्टनला आली. नवरा इंजिनिअर, त्याला तीन महिन्यांत गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात तपासनीसाचं काम मिळालं, शिक्षणापेक्षा खालचं पण नियमित. तिनं पहिलं वर्ष एका एजन्सीमार्फत गोदामात पॅकिंग केलं आणि संध्याकाळी ऑनलाइन पेरोलचा, म्हणजे पगाराच्या हिशेबांचा, अभ्यास केला. इथे पेरोल हा स्वतंत्र व्यवसाय आहे. नॅशनल पेरोल इन्स्टिट्यूट नावाची संस्था (२०२२ पर्यंत तिचं नाव कॅनेडियन पेरोल असोसिएशन होतं) त्याचं प्रमाणपत्र देते, आणि नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत ते मागितलेलं असतं. ती त्यातले विषय एकेक करून सोडवत होती.

सप्टेंबर २०२३ पासून तिनं अर्ज करायला सुरुवात केली. तिच्याकडे वही होती. हिशेबातली बाई, सगळं तारीखवार. फेब्रुवारीपर्यंत ६४ अर्ज, २ फोन, मुलाखत एकही नाही. त्या दोनांपैकी एका फोनवर पलीकडच्या बाईनं आडनाव उच्चारायचा तीनदा प्रयत्न केला, सॉरी म्हणाली, "मी तुम्हाला ईमेल करते" म्हणाली. ईमेल आला नाही. वहीत त्या नोंदीपुढे तिनं फक्त एक फुली मारली होती.

कागदांवरची नावं

अर्ज बाजूला ठेवून मी तिला आधी सगळे कागद टेबलावर मांडायला सांगितले. हे मी नेहमी करते, कारण मराठी बाईच्या कागदांत काय दडलेलं असतं ते मला स्वतःच्या अनुभवानं माहीत आहे.

गुणपत्रिका आणि पदवी: आधी माहेरचं आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्ट लग्नानंतरचा: आडनावाच्या रकान्यात सासरचं, नावाच्या रकान्यात तिचं आणि त्याला चिकटून नवऱ्याचं. म्हणून कॅनडाच्या कागदांवर तिच्या नावाचा दुसरा शब्द नवऱ्याचं नाव आहे, आणि दवाखान्यात तिला कधीकधी त्याच नावानं हाक मारतात. पदव्यांचं मूल्यांकन करून घेताना ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडावं लागलं होतं. एका बाईच्या कागदांवर दोन आडनावं आणि दोन पुरुषांची नावं, आणि या सगळ्यांत तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच, तेही प्रत्येक कागदावर वेगळ्या जागी.

मराठीत आपण आडनाव 'लावतो'. कुणाचं लावतेस, असं विचारतात. तिनं एकदा वडिलांचं लावलं, मग नवऱ्याचं, आणि आता तिसरं लावायला निघाली होती, जे तिच्या ओळखीतल्या कुणाचंच नव्हतं. मी तिला म्हटलं, पहिल्या दोन वेळी तुला कुणी विचारलं होतं का? ती हसली नाही. "पहिल्यांदा जन्म झाला, दुसऱ्यांदा लग्न झालं. या वेळी निदान मी ठरवते आहे," ती म्हणाली. मला याचं उत्तर देता आलं नाही. आजही पूर्ण देता येणार नाही.

नावानं खरंच फरक पडतो का

पडतो. त्याबद्दल तिला खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. टोरोंटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरोंटो परिसरातल्या खऱ्या जाहिरातींना हजारो बनावट रेझ्युमे पाठवून हे मोजलं आहे. शिक्षण कॅनडातलं, अनुभव कॅनडातला, फरक फक्त नावात. इंग्रजी नावाच्या रेझ्युमेला १६ टक्के वेळा मुलाखतीचं बोलावणं आलं. चिनी, भारतीय किंवा पाकिस्तानी नावाच्या रेझ्युमेला ११ टक्के वेळा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तारित अभ्यासातही हाच कल दिसला. भाषा उत्तम येते, नामांकित विद्यापीठाची पदवी आहे, बहुराष्ट्रीय कंपनीत काम केलं आहे, असं लिहूनही दरी कमी झाली नाही. भरती करणाऱ्यांना कारण विचारलं तर ते भाषेची शंका सांगत, आणि ती शंका फेडणारी ओळ त्याच रेझ्युमेवर असायची.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी तिच्यासाठी वहीत लिहून दिला. नावही परकं, शिक्षणही बाहेरचं आणि अनुभवही बाहेरचा, अशा रेझ्युमेला ५ टक्के वेळा बोलावणं आलं. म्हणजे १६ आणि ५ यांच्यातलं अंतर ११ टक्क्यांचं, आणि त्यातलं नुसत्या नावाचं ५. उरलेला, थोडा मोठाच वाटा, 'तू इथे काम केलेलं नाहीस' याचा. आणि तोही सगळ्या परदेशांना सारखा लागू नव्हता: ब्रिटनहून आलेल्या अर्जदारांना स्थानिकांइतकीच बोलावणी आली. त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

माझा मुद्दा असा होता. आडनाव इंग्रजी केलंस तरी त्याखाली 'पुणे विद्यापीठ' आणि 'चाकण' राहणारच. ते पुसायचं म्हणजे नऊ वर्षं पुसायची. वाचणारा माणूस नाव पाहून थांबला नाही तर दुसऱ्या ओळीवर थांबेल. नाव ही भिंत आहे, पण अर्धीच भिंत आहे, आणि तू सगळा जोर तिथे लावते आहेस.

तिनं स्वीडनचं उदाहरण दिलं. मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं, आणि ते खरं आहे. महमूद अराई आणि पेटर स्कोगमान थुर्सी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आशिया, आफ्रिका आणि स्लाव्ह देशांतून आलेल्या, नंतर स्वीडिश वाटणारं किंवा कुठलंच न वाटणारं आडनाव घेतलेल्या लोकांची कमाई तपासली होती. नाव बदलल्यानंतर ती लक्षणीय वाढली होती. तेव्हा 'नाव बदलून काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. होतं. मला एवढंच तपासायचं होतं की तेवढं मिळवायला तिला नेमकं किती मोडावं लागेल.

ती स्वतः पलीकडच्या खुर्चीत बसली होती तेव्हा

दुसऱ्या भेटीत तिनं एक गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

चाकणच्या कंपनीत असताना विभागात एक सहाय्यक घ्यायचा होता. ऐंशीएक अर्ज आले होते. साहेबांनी गठ्ठा तिच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "आडनावं बघून दहा-बारा काढ. आपल्यात बसणारा पाहिजे." तिनं काढले. तासाभराचं काम. "आपल्यात म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळलं होतं, ताई. मला न विचारता कळलं, याचंच आता वाईट वाटतं. जे बाजूला ठेवले त्यांची पात्रता मी वाचलीसुद्धा नाही. एक मुलगा माझ्याच कॉलेजचा होता, तेवढं लक्षात आहे."

ती रडली वगैरे नाही. पाणी प्यायली आणि पुढचं बोलायला लागली. पण मला ते प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं, म्हणून इथे थांबते. आपण इकडे येऊन 'गोरे लोक नाव बघून नाकारतात' म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण आडनावावरून माणूस ओळखायची विद्या आपल्याला इथे कुणी शिकवलेली नाही. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर पहिला प्रश्न काय असतो, ते महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. २००७ मध्ये निष्कर्ष आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाची पुढच्या टप्प्यावर बोलावलं जाण्याची शक्यता ०.६७ पट, मुस्लिम नावाची ०.३३ पट. टोरोंटोतला आकडा, १६ ला ११, दलित आडनावाच्या जवळपासचा, आणि मुस्लिम नावापेक्षा सौम्यच म्हणायचा.

हे मी तिला ऐकवलं नाही. तिला ते आधीच कळलेलं होतं, आकड्याशिवाय.

कायद्यानं बदलायचं तर

ऑन्टॅरिओत बारा महिने राहिलेला कुणीही प्रौढ नाव बदलू शकतो. कारण पटवून द्यावं लागत नाही. तशी प्रक्रिया सोपी आहे. पण बदललेलं नाव सर्वसाधारणपणे ऑन्टॅरिओ गॅझेटमध्ये छापून येतं, जुनं आणि नवं दोन्ही. हे ऐकून ती चमकली. जे लपवण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सरकारी पत्रात जोडीनं छापलं जाणार.

मग आम्ही यादी केली. म्हणजे यादी तिनंच केली. मी फक्त लिहून घेतली, कारण पेरोल शिकलेल्या बाईला नावातल्या फरकानं काय काय अडतं हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. सिन क्रमांक, म्हणजे काम आणि करांसाठीचा सरकारी ओळख क्रमांक, तोच राहतो पण त्यामागची नोंद बदलावी लागते. नोंद एका नावाची आणि टी-४, म्हणजे कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, दुसऱ्या नावाचा निघाला की कर खात्यात गोंधळ. बँक, हेल्थ कार्ड, वाहन परवाना, कायम रहिवासी कार्ड. दीड वर्ष जपून उभा केलेला क्रेडिटचा इतिहास नव्या नावाशी जोडून घ्यायचा. पदवीचं मूल्यांकन जुन्या नावाचं, त्याला आता दोन दुवे लागणार: माहेरचं ते सासरचं, सासरचं ते नवं. आणि सगळ्यांत अवघड भारतीय पासपोर्ट. ती अजून भारताची नागरिक. कॅनडाचं कार्ड एका नावाचं आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा घेऊन विमानतळावर उभं राहायचं, बरोबर जुन्याच आडनावाची मुलगी.

मुलीचं त्या यादीत आलं आणि ती गप्प झाली. घरी विषय निघाला तेव्हा मुलीनं विचारलं होतं, "मग माझं पण बदलणार?" आणि लगेच म्हणाली होती, "माझ्या टीचरला येतं की म्हणायला." वर्गात रोज हजेरीला म्हणून म्हणून आठवड्याभरात त्यांना ते जमलं होतं. क्षसकट.

नवऱ्याबद्दल मी जरा भीतभीतच विचारलं. आपल्याकडे बायकोनं त्याचं नाव लावणं सोडलं तर काय काय ऐकावं लागतं ते आपल्याला माहीत आहे. तो स्वतः एकदा बरोबर आला होता. म्हणाला, "तिनं माझं लावलं ते सगळे लावतात म्हणून. मी तेव्हा विचार केला नव्हता. तिच्या कामाला अडत असेल तर नको लावू दे. पण ते जे नवं आहे ना, ते आमच्यातल्या कुणाचंच नाही." भांडण नव्हतं, पण त्याच्या आवाजात जे होतं ते तिलाही ऐकू आलं असणार.

जे केलं ते

अर्ज सही न होता दप्तरात गेला. ठरवलं ते असं: कायद्यानं काहीच बदलायचं नाही, रेझ्युमेवर आणि ईमेलवर माहेरचं आडनाव. ते खोटं नाही. तिच्या दोन्ही पदव्यांवर तेच आहे. रेझ्युमेवर कोणतं नाव वापरायचं हे माणूस ठरवू शकतो. कायदेशीर नाव जिथे मागतात, म्हणजे नेमणुकीचे कागद, पार्श्वभूमी तपासणी, करांचे फॉर्म, तिथे ते पूर्ण आणि खरं द्यायचं. मधलं नाव, नवऱ्याचं की वडिलांचं, दोन्ही गाळली. तिचं स्वतःचं पहिलं नाव चार अक्षरी, उच्चारायला थोडं जड. मी ते आखूड करू का म्हणून विचारलं. "ते नाही," ती म्हणाली. "तेवढं एकच माझं आहे." तो विषय मी पुन्हा काढला नाही.

दुसरा भाग उरलेल्या अर्ध्या भिंतीचा. कॅनडात दर वर्षी करांच्या हंगामात कमी उत्पन्नाच्या लोकांचे कर-अर्ज फुकट भरून देणारी सामुदायिक शिबिरं असतात. कर खातं त्यांच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतं. मार्च-एप्रिलमध्ये तिनं शनिवार-रविवार तिथे काम केलं. लोकांचे टी-४ हाताळले, म्हाताऱ्या बायकांना निवृत्तिवेतनाचे आकडे समजावून सांगितले. शिबिराच्या समन्वयक बाईंनी संदर्भ द्यायचं कबूल केलं. रेझ्युमेवर पहिल्यांदा ब्रॅम्प्टनची एक ओळ आली, सर्वांत वर. मेमध्ये पेरोलचा शेवटचा विषयही सुटला.

अर्ज कुठे करायचे हेही बदललं. रूपा बॅनर्जी, जेफ्री राइट्झ आणि ओरिओपोलस यांनी त्याच प्रयोगाची आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की सगळी पात्रता कॅनडातली असलेल्या आशियाई नावाच्या अर्जदारालाही ५०० पेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत सुमारे २० टक्के कमी बोलावणी येतात, आणि त्याहून लहान कंपन्यांत जवळपास ४० टक्के कमी. मोठ्या ठिकाणी चाळणी एकाच माणसाच्या हातात नसते हे एक कारण असावं, असा माझा अंदाज. म्हणून मोठ्या कंपन्यांकडे भर दिला. 'आम्ही सर्व समाजांतल्या अर्जदारांचं स्वागत करतो' या जाहिरातीतल्या वाक्यावर मात्र विसंबायचं नाही असं तिला सांगितलं. रेझ्युमे 'गोरा' करण्याबद्दलचा २०१६ चा अमेरिकेतला एक अभ्यास आहे. आशियाई खुणा जशाच्या तशा ठेवलेल्या रेझ्युमेंना ११.५ टक्के, पुसलेल्यांना २१ टक्के बोलावणी. आणि असं स्वागताचं वाक्य लिहिणाऱ्या कंपन्याही भेदभावात मागे नव्हत्या. ते वाक्य वाचून लोक बेसावध होतात आणि आपली ओळख उघडी ठेवतात, हे त्यातलं मला फार लागलं.

मानवी हक्क न्यायाधिकरणाचा रस्ताही तिला सांगितला. ऑन्टॅरिओचा मानवी हक्क कायदा १९६२ पासूनचा, वंश, मूळ देश, वांशिक ओळख यांवरून नोकरीत भेदभावाला स्पष्ट मनाई, तक्रारीला एक वर्षाची मुदत. पण ६४ वेळा काहीच उत्तर आलं नाही, याची तक्रार कुणाविरुद्ध करणार?

निकाल, आणि त्यावरचा आमचा मतभेद

जून ते ऑक्टोबर २०२४: ४१ अर्ज, ७ फोन, ३ मुलाखती. नोव्हेंबरमध्ये नोकरी. आणि ती लागली मोठ्या कंपनीत नाहीच. दोनेकशे माणसांच्या एका मालवाहतूक कंपनीत, पेरोल विभागात.

ती म्हणते, हे नावानं झालं. तिच्याकडे पुरावा आहे: एका कंपनीनं जानेवारीत तिला उत्तर दिलं नव्हतं; ऑगस्टमध्ये तीच जाहिरात पुन्हा आली, तिनं माहेरच्या नावानं अर्ज केला आणि दोन दिवसांत फोन. मी म्हणते, मधल्या काळात शिबिराची ओळ आली, प्रमाणपत्राचे विषय संपले, कंपन्याही वेगळ्या निवडल्या. एका वेळी चार गोष्टी बदलल्यावर कुठल्या एकीला श्रेय देणार? शास्त्र माझ्या बाजूनं आहे. पण ६४ अर्जांची वही तिची आहे, आणि त्या दोन दिवसांत आलेल्या फोनचं दुसरं स्पष्टीकरण मी तिला पटेल असं देऊ शकलेले नाही.

मुलाखतीतला एक क्षण तिनं सांगितला तो नोंदवायला हवा. व्हिडिओ सुरू झाला तेव्हा समोरच्या माणसानं तिचं आडनाव इंग्रजी शब्दासारखं उच्चारलं, आणि आपल्यालाच हाक मारली हे तिला क्षणभर कळलंच नाही. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग खाली कागदाकडे, मग परत पडद्याकडे. तो काही वाईट बोलला नाही. पण नावानं दार उघडलं तरी आत जाते ती आपणच, चेहरा आणि बोलण्याच्या ढबीसकट, हे तिला त्या दोन सेकंदांत कळलं. ती नोकरी तिला मिळाली नाही. जी मिळाली तिथल्या बाईंनी आडनाव कसं म्हणायचं ते आधी विचारून घेतलं होतं.

रुजू होताना कायदेशीर नाव द्यायची वेळ आली, त्याची आम्ही तालीम केली होती. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये 'याआधी वापरलेली नावं' असा रकाना असतो. तिनं सगळी लिहिली, विवाह प्रमाणपत्र जोडलं. कंपनीनं यंत्रणेत कायदेशीर नाव एका रकान्यात आणि वापरातलं नाव दुसऱ्यात टाकलं. पाच मिनिटांचं काम. ज्याची ती महिनाभर धास्ती घेऊन बसली होती ते पाच मिनिटांत झालं, आणि ते करणारी पुढच्या आठवड्यापासून तीच होती: नव्या कामगारांची नावं यंत्रणेत भरणं तिच्याकडे आलं. पंजाबी, सोमाली, युक्रेनी नावं. प्रत्येकाला ती कागदावरचं आणि हाक मारायचं, अशी दोन्ही विचारते.

जानेवारी २०२६ पासून ऑन्टॅरिओत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही, आणि मुलाखत घेतली तर ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. अर्ज चाळायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत असतील तर तसं लिहावंही लागतं. तिच्या ६४ अर्जांच्या वेळी यातलं काही नव्हतं. नाव झाकून अर्ज वाचायची सक्ती अजूनही नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारनं २०१७ मध्ये आपल्या खात्यांत तसा प्रयोग करून पाहिला आणि अल्पसंख्याक अर्जदारांना त्याचा फायदाही दिसला नाही, तोटाही. पण आपली निवड तपासली जाते आहे हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं, आणि दोनशे माणसांच्या खासगी कंपनीत तसं कुणी तपासत नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. कॅनडात राहिल्याचे १०९५ दिवस भरलेत, नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट परत करायचा, म्हणजे नाव बदलायला आड येणारा सगळ्यांत मोठा कागदच राहणार नाही. "आता ठरवता येईल, ताई," म्हणाली. ऑन्टॅरिओचा तो अर्ज तिनं नव्यानं काढला आहे. पाच अक्षरी इंग्रजी आडनाव त्यात नाही. नव्या नावाच्या रकान्यात पेन्सिलीनं दोन आडनावं लिहिली आहेत, माहेरचं वर, सासरचं खाली. मुलीला विचारायचं आहे म्हणते. ती आता अकरा वर्षांची होईल. मी तिला विवाह प्रमाणपत्राची आणखी एक साक्षांकित प्रत मागवून ठेवायला सांगितलं आहे, कारण यातलं काहीही ठरलं तरी ती लागणारच.